अकरा जणांचे डोळे

"हलू नका" हे दोन शब्द ऐकले नाहीत असा माणूस त्या भागात शोधूनही सापडला नसता. फोटोवाल्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर ठसठशीत लिहिलेलं होतं, पण पाटी वाचायची ती नव्या माणसानं. पोरांनी त्यांचं नाव हलूनका ठेवलं होतं. केस पिकले तशी त्याला काकाची शेपटी लागली, मग तेही लांबलचक वाटायला लागलं आणि नुसते काका उरले. बायको आपोआप काकू झाली. संसाराला एकोणतीस वर्षं झाली तरी नवऱ्यानं आपला एक फोटो धड काढला नाही, ही काकूंची जुनी तक्रार. त्यावर काकांचं जुनंच उत्तर होतं, "तू हलतेस."

दुकान दोन खोल्यांचं. बाहेर काउंटर आणि त्यावरच्या काचेखाली नमुन्याचे फोटो, ज्यांतली निम्मी बाळं आता स्वतःच्या बाळांचे फोटो काढायला येत. आत एक स्टूल, धुऊन धुऊन राखाडी पडलेला पांढरा पडदा आणि उजेड पसरवायची मोठी छत्री. छत्रीची एक काडी मोडलेली होती. नवी घ्यायची, नवी घ्यायची म्हणता म्हणता बारा वर्षं गेली.

काका मुळात भिडस्त. समोरच्याचं मन मोडणं त्यांना जमायचं नाही. या स्वभावाला त्यांच्या धंद्यात चांगला वाव होता. कुणाची चामखीळ काढ, कुणाची दुसरी हनुवटी पहिलीत विलीन कर, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पूस. ज्यांच्याकडे ते हा धंदा शिकले ते म्हणायचे, "गिऱ्हाईक स्वतःचा चेहरा बघायला येत नाही, स्वतःबद्दलचं मत बघायला येतं." त्या काळी निगेटिव्हवर तीन केसांच्या ब्रशनं काम चालायचं. पुढे कॉम्प्युटर आला, ब्रश गेला, खोड मात्र राहिली.

त्यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे मिटलेले डोळे उघडणं. शंभरात सात-आठ माणसं बटण दाबायच्या नेमक्या क्षणी डोळे मिटतात. अशा फोटोला काका दुसऱ्या कुणाचे तरी डोळे बसवून देत. बहुधा भावाचे किंवा बापाचे, म्हणजे गोष्ट घरातल्या घरात राही. गिऱ्हाइकाला पुन्हा फेरी पडत नसे, आणि तीस वर्षांत एकानंही येऊन "हे डोळे माझे नाहीत" असं म्हटलेलं नव्हतं. उलट फोटो छान आला म्हणून चार जण चार जणांना सांगत. काकांना यात कधी काही गैर वाटलं नाही. शिंप्यानं खांद्यात थोडा कापूस घालावा, इतकीच ती लबाडी आहे असं ते मानून चालले होते.

चार वर्षांपूर्वी सरकारी खात्यानं हुकूम काढला की वॉर्डातल्या सगळ्यांची ओळखपत्रं पंधरा दिवसांत नवी झाली पाहिजेत. फोटोचं काम काकांना मिळालं. वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात, उजव्या हाताच्या मोठ्या खिडकीच्या उजेडात, रोज दोनशे माणसं खुर्चीवर बसून उठत होती. दुकानात परत आल्यावर काकू कॉम्प्युटरवर एकेक फोटो तपासायच्या आणि मिटलेल्या डोळ्यांचे बाजूला काढून म्हणायच्या, "हे झोपलेत बघा." झोपलेल्यांना परत बोलवायचं तर घरोघर माणूस धाडावा लागला असता. वेळ नव्हता, आणि भाऊ-बाप शोधत बसायलाही वेळ नव्हता. काकांनी दुकानातल्या जुन्या फोटोंमधून डोळ्यांच्या काही चांगल्या जोड्या निवडल्या. त्यांतली सगळ्यात चांगली नळवाल्याची होती.

नळवाला चाळिशीचा, दुकानाच्या मागच्या चाळीत राहणारा. त्याचे डोळे फोटोसाठीच केल्यासारखे होते. मोठे, शांत, कॅमेऱ्यात सरळ बघणारे. स्वतः त्याला त्याची कल्पनाही नव्हती. तो आयुष्यभर ते मोऱ्यांखाली घालून बसला होता. पंधरा दिवसांत काकांनी ते डोळे अकरा पुरुषांना बसवले, सगळे फोटो डिस्कवर भरून खात्याला दिले आणि पावती घेतली.

दीड वर्षानं चौकाचौकांत खांब उभे राहिले आणि खांबांवर कॅमेरे आले. चोर पकडले जातील म्हणून लोकांना बरंच वाटलं. आपण चोर नाही, या बाबतीत जो तो निर्धास्त होता. कार्डासाठी म्हणून घेतलेले फोटो खात्यानं त्या यंत्राला खायला घातले आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड त्यांच्याशी ताडून पाहिलं जातं, हे कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलंही नाही. पुढे एका स्कूटरचोराला शोधायचं काम यंत्राला देण्यात आलं. यंत्रानं तो लगेच शोधला. तो रोज सकाळी आठ वाजता पाइप बांधलेल्या सायकलवरून इस्पितळाकडे जायचा.

पोलिसांनी नळवाल्याला पहिल्यांदा धरलं तेव्हा त्यानं ते हसण्यावारी नेलं. चार तास बसवून, बोटांचे ठसे जुळत नाहीत असं बघून सोडून दिलं. दुसऱ्यांदा आणखी एका चौकात धरलं. तिसऱ्यांदा इस्पितळाच्या फाटकातच, नर्सा आणि पेशंट बघत असताना. ठसे तिन्ही वेळा जुळले नाहीत आणि तिन्ही वेळा यंत्रानं आपला हेका सोडला नाही. इस्पितळानं त्याचं नऊ वर्षांचं देखभालीचं काम काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, तुमच्याविरुद्ध काही नाही हो, पण पेशंट घाबरतात.

तिथून तो वकीलबाईंकडे गेला. या बाई नागरी हक्क समिती चालवत. समिती म्हणजे बाई, एक टेबल आणि कागदांनी फुगलेली पिशवी. दुपारचं जेवण म्हणजे दोन बिस्किटं. दोन वर्षं त्या कॅमेऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटत होत्या आणि लोक ती घेऊन त्यांत सामान गुंडाळत होते. नळवाल्याच्या रूपानं त्यांना पहिल्यांदा हाडामांसाचा पुरावा मिळाला. त्यांनी इतका लकडा लावला की निवृत्त न्यायाधीशांपुढे जाहीर सुनावणी ठरली. वॉर्डात हे यंत्र चालू ठेवायचं की नाही, आणि नळवाल्याचं नाव स्वच्छ करायचं की नाही, दोन्ही तिथे ठरणार होतं.

सुनावणीच्या चार दिवस आधी नळवाला काकांच्या दुकानात आला. खात्यानं दिलेली दोन कार्डांच्या फोटोंची फाइल पेनड्राइव्हवर होती. एक त्याची स्वतःची, एक स्कूटरचोराची. दोन्ही हातभर मोठे करून एका फलकावर शेजारी शेजारी चिकटवून हवे होते.

"लांबून दिसलं पाहिजे काका," तो म्हणाला. "मी कोण आणि तो कोण, शेंबड्या पोरालाही कळलं पाहिजे. काम तुमच्याशिवाय कुणाला द्यायचं नाही, असं बाईंना सांगूनच आलोय."

तो गेल्यावर काकांनी चोराचा फोटो पडद्यावर उघडला आणि मोठा करत गेले. सभागृहातला फोटो, उजेड उजवीकडून. नाक, गाल, कान, सगळ्यांवर उजवीकडून. डोळ्यांपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. प्रत्येक बुबुळात उजेडाचा एक ठिपका असतो, समोर जे असेल त्याचा. खिडकी असेल तर चौकोनी. इथे ठिपका डावीकडे होता, गोल होता, आणि त्या गोलाला एका बाजूनं पोचा आला होता. मोडक्या काडीची छत्री त्या सभागृहात कधी गेलीच नव्हती.

काकांनी शेजारी नळवाल्याचा दुकानातला जुना फोटो उघडला. तीच छत्री, तोच पोचा.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे काकांनी आजवर नुसतं बोलण्यात वापरलं होतं. त्यांनी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं. कुणी आत येत नव्हतं, तरी. मग परत येऊन बसले आणि हाताला जे येत होतं ते त्यांनी केलं. चोराच्या डोळ्यांतला गोल ठिपका पुसला. त्या जागी उजव्या बाजूला चौकोनी, खिडकीसारखा ठिपका बसवला. बुबुळाचा रंग एक छटा गडद केला, वरची पापणी केसभर खाली आणली. दहा मिनिटांचं काम. संपल्यावर जरा मागे रेलून त्यांनी पाहिलं, आणि क्षणभर त्यांना काम साधल्याचं समाधान वाटलं. पुढे सगळ्या प्रकरणात त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती या क्षणाची.

मनाला त्यांनी असं समजावलं की यात नळवाल्याचं भलंच आहे. डोळे जितके वेगळे दिसतील तितका तो लवकर सुटेल. समजूत पटण्यासारखी होती, कारण ती खोटी असली तरी सोयीची होती.

दुसऱ्या दिवशी काकूंनी फलक कापडात गुंडाळता गुंडाळता पाहिला. एकोणतीस वर्षं ज्या बाईनं कात्रीखालून लोकांचे चेहरे काढलेत तिच्यापासून लपवायचं म्हणजे मांजरीपासून दूध. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं नाही, आवाज चढवला नाही.

"झोपलेल्यांतला ना हा?" त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, असेल. काकूंनी कापडाची गाठ मारली आणि म्हणाल्या, "ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुमची. या खेपेला भांडं दुसऱ्याचं आहे, एवढं लक्षात ठेवा."

सुनावणीला जायचं नाही असं काकांनी ठरवलं होतं. पाठ दुखते हे कारणही तयार होतं. पण नळवाला न्यायला दारात आला. धुतलेला शर्ट, केसांना पाणी. तुमचं काम सगळ्यांनी बघायचं आणि तुम्हीच नसायचं, हे काही बरोबर नाही, असं म्हणाला. काकांची पाठ जागेवर आली.

सभागृह तेच होतं. खिडकीही तीच. तिसऱ्या रांगेत काका भिंतीकडेला बसले आणि वाटेकडेला काकू. समोर फलक उभा होता आणि खरोखरच लांबून दिसत होता. वकीलबाई चांगल्या बोलल्या. कार्डासाठी म्हणून माणूस खुर्चीवर बसतो, तेव्हा तो कार्डापुरता बसतो, चौकशीला बसत नाही. त्याला न विचारता त्याचं तोंड खांबाला देण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं त्यांनी विचारलं. मग फलकाकडे वळून म्हणाल्या की या दोन माणसांत ज्या यंत्राला फरक कळत नाही, त्याच्या भरवशावर वॉर्डातला कुठलाही माणूस उद्या फाटकात अडवला जाईल.

खात्याचा अधिकारी तरुण, इस्त्रीचा, लॅपटॉप घेऊन आलेला. त्यानं मूळ फाइल भिंतीवर मोठी करून दाखवली आणि बाजूला झाला. फलकावरच्या चोराचे डोळे एक होते, भिंतीवरच्या चोराचे दुसरे. सगळ्यात मागे बसलेल्यालाही दिसत होतं.

"पुराव्यात फेरफार केलेला आहे," अधिकारी शांतपणे म्हणाला. "यंत्र चुकलं हे दाखवण्यासाठी समितीनं फोटो बदलला. मला वाटतं, बाकीच्या पुराव्याबद्दलही वेगळं सांगायला नको."

वकीलबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. दोन वर्षांची पत्रकं त्या एका मिनिटात रद्दीत गेली. न्यायाधीशांनी विचारलं, फलक कुणी केला. बाईंनी नळवाल्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला.

"आमच्या इथल्या फोटोवाल्या काकांकडे केला साहेब," तो म्हणाला. "पण ते असलं करणार नाहीत. मी लहानपणापासून बघतोय त्यांना, ते तसले नाहीत. आणताना मीच पाइपांबरोबर सायकलला बांधून आणला. घासलं-बिसलं असेल तर ते माझ्या हातून. काय असेल ते माझ्या नावावर घाला."

लोक हसले. पाइपानं घासून डोळ्यांचा रंग बदलत नाही हे त्यालाही कळत असणार. न्यायाधीश म्हणाले की याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतील, आणि नळवाला म्हणाला, हो.

काका बसूनच होते. शेजारून काकूंनी त्यांना कोपर मारलं नाही की काही पुटपुटल्या नाहीत. त्यांनी फक्त मांडीवरची पिशवी उचलून खांद्याला लावली आणि गुडघे एका बाजूला वळवले, नाटकगृहात कुणाला बाहेर जायला वाट देतात तसे.

काका उठले.

"मी केलं," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की न्यायाधीशांनी पुन्हा बोलायला सांगितलं. दुसऱ्यांदा कबूल करणं पहिल्यापेक्षा जड असतं. "फलक मी बदलला. यांना कुणाला माहीत नाही. आणि... भिंतीवरचा तो फोटोही मीच बदललेला आहे. चार वर्षांपूर्वी. त्या माणसाचे डोळे मिटले होते. म्हणून मी याचे बसवले."

"कुणाचे?"

काकांनी नळवाल्याकडे हात केला. बघितलं नाही, नुसता हात केला.

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. म्हणजे यंत्र बरोबर होतं, असं तो म्हणाला. यंत्रानं डोळे अचूक ओळखले, दोष असलाच तर फोटोवाल्याचा आहे. वकीलबाई तोवर खाली बसल्या होत्या. त्या बसल्याबसल्याच बोलल्या, आणि आता त्यांच्या आवाजात भाषण नव्हतं.

"तीनदा धरलं या माणसाला. तिन्ही वेळा ठसे जुळले नाहीत. त्यावर, आपल्याकडचा फोटो कुठून आला, कसा आला, हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं?" मग काकांकडे वळून, "असे किती, काका?"

"याच्या डोळ्यांचे अकरा."

"आणि इतरांच्या डोळ्यांचे?"

काकांनी खाली पाहिलं. तीस वर्षांत ते मोजायची वेळ आली नव्हती. वॉर्डात फोटोवाले आणखी चार होते आणि त्यातला एकही काकांपेक्षा वेगळ्या शाळेत शिकलेला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तेही त्यांनी सांगून टाकलं.

निकाल लागला तो असा. वॉर्डातल्या कॅमेऱ्यांनी तोंडं ताडणं सहा महिने बंद ठेवावं. त्या मुदतीत, न विचारता लोकांचे फोटो वापरता येतात का, याचं उत्तर खात्यानं लेखी द्यावं. नळवाल्याचं नाव यादीतून काढावं. आणि फोटोवाल्यानं त्या अकरा जणांना स्वतः भेटून, काय केलं ते सांगून, तशा सह्या आणाव्यात. खात्यानं आपल्या फोटोवाल्यांच्या यादीतून काकांना काढलं आणि पुढची कारवाई विचाराधीन ठेवली. समितीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या पत्रकात काकांचा उल्लेख 'निर्भय साक्षीदार' असा आला. वकीलबाईंनी त्याचे दोन गठ्ठे दुकानात वाटायला पाठवले. काकांनी ते काउंटरखाली सारले आणि समोर एक जुनी पेटी ठेवली. गिऱ्हाइकं येत, उगाच आरशात बघत आणि विचारत, "काका, माझे तर माझेच आहेत ना?" गंमत म्हणूनच विचारत. काका प्रत्येक वेळी फाइल उघडून खात्री करून सांगत, त्यामुळे गंमत फार टिकत नसे.

नळवाला पंधरा दिवस दुकानावरून गेला नाही, लांबच्या गल्लीनं जायचा. मग एके दिवशी सकाळी दारात सायकल लावून म्हणाला, "चला. यादी घ्या."

काका म्हणाले, तू कशाला.

"डोळे माझे आहेत ना," तो म्हणाला. "तुम्ही एकटे गेलात तर कुणी सह्या द्यायचं नाही. वेड्यात काढतील." तो हसला नाही. पूर्वी तो काकांना सायकलवर मागे बसवून न्यायचा; आता सायकल हातात धरून दोन पावलं पुढे चालत होता.

अकरांपैकी पोलिसांना एकच हवा होता. तो परगावी, कुठल्याही कॅमेऱ्याच्या मदतीशिवाय, मेव्हण्याच्या चुगलीवरून आधीच पकडला गेला होता. त्याची सही बाईंनी तुरुंगातून आणली. नऊ जण कुणालाच नको होते, त्यामुळे यंत्रानं त्यांचं काही बिघडवलेलं नव्हतं. त्यातल्या एकानं दार लावून घेतलं आणि आतून सही केली. एकाच्या बायकोनं कार्ड आणि नवरा शेजारी धरून बघितले आणि कार्डातलाच बरा होता म्हणाली. एक चिडून खूप बोलला. काका ते उभ्यानं ऐकून घेत राहिले. त्या घरातून निघताना त्यांना जरा बरं वाटलं होतं.

अकराव्याचं घर लाँड्रीच्या मागच्या बाजूला होतं. यादीतला मुलगा बावीस वर्षांचा. दार त्याच्या आईनं उघडलं. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली बाई, गळ्यात अजून टेप. मुलगा आहे का, असं काकांनी विचारलं. बाई त्यांना आत घेऊन गेल्या, बसा म्हणाल्या, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून पुढे ठेवले.

मुलगा दोन वर्षांपूर्वी घरात बोलाचाली होऊन निघून गेला होता. बाईंनी तक्रार नोंदवली, कार्डावरचा फोटो दिला. वर्षभर काही नाही. मग खात्याचं पत्र आलं: आपण नोंदविलेली व्यक्ती खालील ठिकाणी दिसून आली आहे. तारीख, वेळ, चौक. दोन महिन्यांनी दुसरं आलं, मग तिसरं. व्यक्ती सज्ञान असल्यानं खात्यास पुढील हस्तक्षेप करता येत नाही. तेव्हापासून बाई रोज सकाळी आठला त्या चौकात जाऊन खांबाखाली उभ्या राहत होत्या. तुम्ही खात्याकडून आलात ना, चौथं आणलंत का, असं त्यांनी विचारलं.

काकांनी नळवाल्याकडे पाहिलं. तो दाराजवळ उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. बाईंनीही त्याच वेळी त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही ना ते," त्या म्हणाल्या. "मी एकदा तुमचा हात धरला होता. चौकात. लांबून अगदी तोच वाटला."

नळवाला हो म्हणाला. सायकल बाजूला लावून, चहा घ्याल का असं विचारलं होतं आणि तुम्ही नको म्हणालात, असंही म्हणाला. मग खोलीत बोलायचं काम एकट्या काकांचं उरलं.

नऊ घरांत त्यांनी ते नऊ वेळा सांगितलं होतं. वाक्यं पाठ झाली होती. ती पाठ झाली आहेत हे इथे त्यांना ऐकू आलं आणि ते मध्येच थांबून, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. सांगून झाल्यावर पाकिटातून मूळ फोटो काढून बाईंच्या हातात दिला. मिटलेल्या डोळ्यांचा.

बाईंनी फोटो उजेडाकडे धरला.

"म्हणजे तो चौकात आला नव्हता."

"नाही."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा हा होता," काका म्हणाले.

बाईंनी पत्रं उचलून एकावर एक नीट जुळवली, कडा सारख्या केल्या. त्यांना ओरडावंसं वाटलं असतं तर काकांनी ते घेतलं असतं, त्यासाठी ते तयार होऊनच आले होते. बाई ओरडल्या नाहीत.

"त्या दुसऱ्या फोटोच्या मी चारशे प्रती लावल्या," त्या म्हणाल्या. "स्टँडवर, इस्पितळात, कुठे कुठे. मला तो नेहमी वेगळाच वाटायचा. म्हटलं, रागावून गेलाय, म्हणून परक्यासारखा बघतोय." त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला. "हा मात्र तोच. लहानपणापासून असाच, कॅमेरा दिसला की मिटलेच."

काकांनी सहीचा कागद बाहेर काढला नाही. बाईंना काहीतरी आठवलं आणि त्यांनी मान वर केली. काकांनी खाली घातली.

"पण तुम्ही त्याच वेळी आणखी एक काढला असेल ना? डोळे उघडे असलेला? तो द्या. मी परत लावते सगळीकडे."

"एकच काढला होता," काका म्हणाले.

"मिटलेले दिसल्यावर परत नाही काढला?"

काकांच्या तोंडाशी बरंच काही आलं. दोनशे माणसं, पंधरा दिवस, खात्याचा हुकूम. त्यातलं खोटं काहीच नव्हतं.

"रांग होती," ते म्हणाले.

बाईंनी समजल्यासारखी मान हलवली, आणि नळवाल्यानं दाराबाहेर जाऊन उगाचच सायकलची साखळी तपासायला घेतली.